प्राथमिक शाळेत माहिती लिहायला कोण शिकवणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील भाषण)



चौथीच्या वर्गाला 'माझे गाव' हा निबंधाचा विषय दिला, की चाळीस वह्यांतून एकच गाव वर येते. त्या गावाच्या उत्तरेला डोंगर असतो, शेजारून नदी झुळझुळ वाहत असते, शेते हिरवीगार डोलत असतात, गावकरी गुण्यागोविंदाने नांदत असतात आणि असे हे गाव लिहिणाऱ्याला फार फार आवडत असते. प्रत्यक्षातले गाव दुष्काळी पट्ट्यातले असते. होळीच्या सुमारास नदीत वाळूखेरीज काही उरलेले नसते. वर्गातली पाच-सहा मुले दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात आणि हजेरीच्या वहीत त्यांची नावे तेवढी मागे राहिलेली असतात. टँकर कोणत्या वाडीत आधी थांबतो आणि कोणत्या वाडीत शेवटी, हे दहा वर्षांच्या मुलीला नेमके ठाऊक असते, कारण हंडा घेऊन रांगेत तीच उभी असते. वहीत मात्र यातले एक अक्षरही येत नाही.

मुलांना खोटे बोलायची हौस असते असे नव्हे. फळ्यावर जे मुद्दे लिहून दिले जातात, गाईडात जो नमुना छापलेला असतो, त्यात डोंगर आणि नदी असते. ते उतरवले की दहापैकी आठ गुण मिळतात. वाडीचे नाव घालून टँकरची हकीकत लिहिली तर किती गुण मिळतील, हे मुलाला सांगता येत नाही आणि खरे पाहता गुरुजींनाही सांगता येत नाही. म्हणून लिहिणे म्हणजे डोळ्यांना दिसते त्यावर पांघरूण घालण्याची कला, असा पहिला धडा मूल वयाच्या नवव्या वर्षी घेते. पुढे ते विसरणे कठीण जाते.

हा प्रश्न शिक्षणशास्त्रातील तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता येईल असा नाही. पक्षाच्या कचेरीत चार दिवस बसलेल्या कोणाही कार्यकर्त्याला याची दुसरी बाजू परिचित आहे. माणूस तक्रार घेऊन येतो. अन्याय खरा असतो, सांगतानाचा संतापही खरा असतो, पण कागद पुढे केला, की तो म्हणतो, "तुम्हीच लिवा काय ते." कोणत्या तारखेला, कोणत्या गटात, किती रकमेचा, कोणासमक्ष, हे सारे त्याला माहीत असते, तोंडी विचारले तर एकेक बाब अचूक सांगतो. परंतु ती एकाखाली एक मांडून, अनोळखी अधिकाऱ्याला कळेल अशा रीतीने कागदावर उतरवणे त्याला कोणी शिकवलेले नसते. सात-सात वर्षे शाळेत गेलेल्यांचीही तीच गत असते. मग तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला माणूस पैसे घेऊन अर्ज लिहून देतो. त्या अर्जात 'अर्जदार गरीब असून' आणि 'मायबाप सरकारने' ही शब्दरचना भरपूर असते. गट नंबर चुकलेला असतो.

१९७२च्या दुष्काळात हे फार मोठ्या प्रमाणावर दिसले. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर लाखो माणसे राबत होती. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरे. खड्डा किती लांब, किती रुंद, किती खोल, यावर आठवड्याचा पगार. माती मजुराने काढायची, माप दुसऱ्याने घ्यायचे आणि लिहायचे तिसऱ्याने! हजेरीपटावर कोणाची खोटी नावे आहेत हे कामावरच्या बायांना तोंडपाठ होते, पण पटावर त्यांच्या बाजूने होता तो फक्त अंगठा. त्या काळी युनियनच्या कार्यकर्त्यांना मोर्चे काढण्याइतकेच कष्ट तक्रारींतील तपशील लिहून घेण्यात घ्यावे लागले. तपशील नसलेला संताप साहेबाच्या टेबलावर दोन मिनिटेही टिकत नाही.

माहिती लिहिण्याचे शिक्षण ते हेच. पाहिलेली, मोजलेली, विचारून घेतलेली गोष्ट, ती ज्याला ठाऊक नाही त्याला नीट समजेल अशी लिहिणे. यात प्रतिभेचा प्रश्न नाही. सुतारकामासारखे हे शिकता येते आणि शिकवता येते. तिसरी-चौथीतच त्याचा आरंभ व्हायला हवा, कारण कष्टकऱ्यांच्या कितीतरी मुलांच्या बाबतीत पुढच्या इयत्तांची खात्री कोणी देऊ शकत नाही.

शाळेतील निबंधाला खरा वाचकच नसतो, हे त्याच्या पोकळपणाचे मूळ कारण आहे. मूल लिहिते ते गुरुजींसाठी आणि गुरुजींना ते सारे आधीच माहीत असते. ज्याला माहीत आहे त्याला माहिती कशी द्यायची? मग लाल शाईला आवडेल असे काहीतरी लिहिणे एवढेच हाती उरते. फ्रान्समधील एका खेड्यातल्या शिक्षकाने ही गाठ शंभर वर्षांपूर्वी सोडवली. त्याची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

सेलेस्तँ फ्रेने हा दक्षिण फ्रान्समधल्या डोंगराळ भागातील खेडूत कुटुंबातला मुलगा. पहिल्या महायुद्धात १९१७ साली त्याच्या फुफ्फुसाला गोळी लागली. १९२०च्या जानेवारीत तो बार-स्युर-लू या गावच्या प्राथमिक शाळेत रुजू झाला, तेव्हा सलग तासभर बोलण्याइतका दम त्याच्या छातीत नव्हता. व्याख्यान देता येत नाही म्हणून तो मुलांना घेऊन गावात हिंडू लागला. विणकराचा माग, सुताराची पटाशी, ऑलिव्हचे मळे, अत्तरवाल्यांसाठी लावलेल्या नारिंगाच्या बागा. परत आल्यावर पाहिलेल्याचे वर्णन फळ्यावर उतरे आणि ते जिवंत असे. तास संपला, पाठ्यपुस्तक उघडले, की वर्ग पुन्हा मरगळे. पाहिलेले आणि छापलेले यांत काहीच नाते नव्हते. फ्रेनेने मग एक लहानसा हातछापखाना मिळवला आणि मुलांचे मजकूर मुलांकडूनच खिळे जुळवून छापून घ्यायला सुरुवात केली. वर्ग रोज मजकूर ऐके, एक निवडी आणि निवडलेला मजकूर फळ्यावर लिहून सर्वजण मिळून सुधारत. येथे 'म्हणजे काय?' असे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला होता. एकेक खिळा हाताने लावायचा असल्याने अनावश्यक विशेषण किती महाग पडते, हेही मुलांच्या बोटांना समजले.

तथापि, खरा फरक पडला तो पुढच्या पायरीने. वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतात, समुद्राकाठच्या त्रेगंक गावी, दुसऱ्या एका शिक्षकाच्या वर्गाशी फ्रेनेच्या वर्गाचा पत्रव्यवहार सुरू झाला. डोंगरातल्या मुलांनी तो समुद्र पाहिलेला नव्हता आणि किनाऱ्यावरच्या मुलांना नारिंगाच्या फुलांचा हंगाम म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. आता लिहिणाऱ्याला खरोखरीचा अडाणी वाचक मिळाला, आणि अडाणी हा शब्द येथे गौरवाने घ्यायचा आहे. आपण रोज पाहतो ते दुसऱ्याला नवे असते, त्याला ते सांगायचे तर आधी आपण नीट पाहिले पाहिजे, हे मुलांना उपदेशावाचून कळले. उत्तरात प्रश्न येऊ लागले आणि त्यांची उत्तरे देण्यासाठी मुले पुन्हा बागेत जाऊन पाहू लागली, मोजू लागली, म्हाताऱ्यांना विचारू लागली.

यातूनच १९३२ साली एका पुस्तिका-मालेचा आरंभ झाला. एकेका विषयावर एकेक छोटी पुस्तिका. मजकूर तयार करण्यात आणि तपासण्यात शिक्षकांबरोबर मुलांचे वर्गही सहभागी. मुलांना समजत नाही ते वाक्य बदलायचे, हा दंडक. ही माला दशकानुदशके चालली. शासनाची समिती, विद्वानांचे मंडळ यांच्यावाचून खेड्यातल्या शिक्षकांनी सहकारी तत्त्वावर हे ज्ञानभांडार उभारले, हे समाजवाद्यांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. (सहकार म्हटले की साखर कारखानाच आठवण्याची जी सवय महाराष्ट्राला लागली आहे, ती त्यानिमित्ताने थोडी मोडली तर बरेच.)

दुसरे उदाहरण इटलीतले. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. तेथे लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने सरकारी शाळेने नापास करून घरी धाडलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. त्या शाळेतल्या आठ मुलांनी मिळून लिहिलेले 'एका शिक्षिकेस पत्र' १९६७ साली प्रसिद्ध झाले. कोणत्या धंद्यातल्या बापाची किती मुले नापास होतात, याचे आकडे मुलांनी स्वतः जमवून त्यात मांडले होते. पत्र गाजले ते त्यातील रागामुळे. पण तो राग आकड्यांच्या पायावर उभा होता. त्यांची लिहिण्याची रीत कोणत्याही जिल्हा परिषद शाळेला फुकटात उचलता येईल. प्रत्येकाने खिशात टिपणवही बाळगायची. सुचेल तो मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर, चिठ्ठीच्या एकाच बाजूस लिहायचा. एके दिवशी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, दुबार असतील त्या काढायच्या, सारख्या असतील त्यांचे गठ्ठे करायचे. गठ्ठ्यांची झाली प्रकरणे, प्रकरणातल्या चिठ्ठ्यांचे झाले परिच्छेद. मग एकत्र बसून एकेक वाक्य वाचायचे आणि काढून टाकता येईल तो शब्द काढायचा. शेवटी बाहेरच्या माणसांना वाचून दाखवायचे. फार शिकलेली नसतील तर उत्तम.

ही रीत येथल्या मातीत कशी दिसेल? समजा, द्विशिक्षकी शाळेतील चौथीच्या वर्गाने 'आमच्या शाळेतली खिचडी' हा विषय घेतला. पहिल्या दिवशी पाटीवर जे येईल ते ठरलेलेच आहे: खिचडी चविष्ट असते, खिचडीने शरीर सुदृढ होते. शिक्षकाने येथे रागावू नये, इतकेच विचारावे, "हे तू पाहिलेस, कोणाला विचारलेस, की तुला वाटते?" हे तीन रकाने फळ्यावर आखले, की अर्धे काम झाले. पाहिले, विचारले, वाटले. दुसऱ्या दिवशी दोन मुले स्वयंपाक करणाऱ्या मावशींजवळ बसतील. हजर मुले ४६, प्राथमिक वर्गाला दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य, म्हणजे तांदूळ व्हायला हवा ४ किलो ६०० ग्रॅम. तो वजनकाट्यावर घेतला की मापाने? पाणी किती घागरी, ते कोठून आणले, चूल केव्हा पेटली, ताटे केव्हा वाढली? मावशी किती वाजता येतात आणि त्यांचे मानधन शेवटचे केव्हा मिळाले, हा प्रश्न कोणीतरी पोर विचारणारच. उत्तरे 'विचारले' या रकान्यात, कोणाला विचारले त्या नावासह जातील. गणित, परिसर आणि भाषा असे तीन तास येथे आपोआप एकत्र आले. वेगळी तासिका मागण्याचे कारण उरले नाही.

मग येतो क्रम. प्रस्तावना, मध्य आणि समारोप या त्रिसूत्रीने मराठी शाळांचे फार नुकसान केले आहे, असे म्हटल्यास काहींना ते अतिशयोक्त वाटेल. पण माहितीला तिचा स्वतःचा क्रम असतो, हे त्या त्रिसूत्रीत झाकले जाते. खिचडी शिजण्याची हकीकत वेळेच्या क्रमाने जाते. गावातल्या विहिरी सांगायच्या तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे लागते. काळी आणि मुरमाड जमीन यांतला फरक सांगायचा तर दोन्ही शेजारी ठेवून एकेका गुणाने तपासाव्या लागतात. हापसा बंद का पडला हे सांगायचे तर कारणाकडून परिणामाकडे यावे लागते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे चारही क्रम समजतात. चिठ्ठ्या हाताने मागेपुढे सरकवायला मिळाल्या तर फार लवकर समजतात. ज्याला अजून वाक्ये जमत नाहीत त्याने चित्र काढून भागांना नावे द्यावीत. तेही लेखनच आहे.

भागांच्या नावांवरून भाषेचा मुद्दा निघतो आणि तो टाळण्याजोगा नाही. शेतकऱ्याच्या मुलाला तिफणीचे चित्र काढू द्या. चाडे कोठे, नळ्या कोठे, फण किती, हे तो न चुकता दाखवील. कुळव, वखर आणि पाभर यांतला फरक त्याला कळतो. त्याच्या शिक्षकाला बहुधा कळत नाही. कोल्हाट्याच्या, वडाराच्या, कोळ्याच्या घरची मुले आपापल्या कामाचे आणि हत्यारांचे शब्द असेच घेऊन येतात. निबंधात या शब्दांना स्थान नसते आणि चुकून आलेच तर 'अशुद्ध' म्हणून लाल रेघ मिळते. माहिती लिहायची म्हटली की चित्र उलटते. वस्तूचे नेमके नाव ज्याच्यापाशी, तो वर्गात जाणकार ठरतो. पहिला खर्डा घरच्या बोलीत होऊ द्यावा. दूरच्या शाळेतील मुलांना पाठवताना कोणता शब्द समजणार नाही हे मुलेच ठरवतील आणि तेथे प्रमाण शब्द जोडतील. प्रमाण भाषा शिकण्याचे याहून सरळ कारण मुलाला दुसरे कोणते देता येईल?

महाराष्ट्राला हे सगळे परके मुळीच नाही. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या मातंग समाजातील शाळकरी मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. ती पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. त्या निबंधात संताप आहे, वाद आहे आणि त्याबरोबर बाळंतपणाच्या वेळी घरावर छप्परसुद्धा नसलेल्या बायांचे थंडीवाऱ्यातले हालही आहेत. निबंध या शब्दाचा तेव्हाचा अर्थ तो होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शाळांसाठी जे मागितले, त्यात मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य हे विषय होते. व्यवहारात उपयोगी पडेल असे शिक्षण हा त्यांचा आग्रह होता. मुक्ताच्या निबंधापासून झुळझुळ नदीपर्यंतचा प्रवास मराठी शाळेने कसा केला, याचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा.

आक्षेप येतील. लहान वयात कल्पनाशक्ती फुलवावी, रुक्ष माहितीत मुलांना कोंडू नये, असे काही सुहृद म्हणतात. 'मी पक्षी झालो तर' या विषयावर दरवर्षी येणारी एकसारखी उत्तरे वाचल्यावर कल्पनाशक्ती नक्की कोठे कोंडली आहे, हे कळायला वेळ लागत नाही. गोष्टी आणि कविता शाळेत असाव्यातच. वाद आहे तो खोट्या निबंधाशी. दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो अधिक खरा आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, निवडणुकीची कामे, पाहण्या, मोबाइलवर भरावयाची माहिती. शिवाय वर्षअखेर तपासले जाते ते मुख्यतः मुलाला वाचता येते काय आणि बेरीज-वजाबाकी येते काय. वाचन-गणित आलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु दुसऱ्याने लिहिलेले वाचता येणारा आणि स्वतःचे काही लिहू न शकणारा नागरिक कोणाच्या सोयीचा आहे, याचाही विचार व्हावा. एकत्र बसणारे वर्ग येथे अडचणीऐवजी मदत ठरतात: पहिलीचे मूल सांगते, चौथीचे लिहून घेते.

आता तर एक नवीच गोष्ट घडली आहे. हातातल्या फोनला सांगितले की नदीचे आत्मवृत्त क्षणात तयार मिळते, आणि ते गाईडातल्यापेक्षा बरे असते. अलंकारिक निबंधाची किंमत त्यामुळे शून्यावर आली. वाडीतला हापसा १४ मार्चपासून बंद आहे, हे मात्र तिथे जाऊन पाहणाऱ्या मुलीखेरीज फोनला कोण सांगणार?

येथे फ्रेनेच्या कहाणीचा उरलेला भाग सांगणे प्राप्त आहे, कारण तो सोडून फक्त छापखान्याचे कौतुक करणे फसवणूक होईल. बार-स्युर-लूनंतर १९२८ साली फ्रेने सँ-पोल या गावी गेला. तिथली शाळा गलिच्छ होती. संडास, पाणी, दुरुस्ती यांसाठी तो नगरपालिकेच्या मागे लागला. १९३२च्या अखेरीस गावाच्या भिंतींवर त्याच्याविरुद्ध भित्तिपत्रके लागली. निमित्त होते एका मुलाने लिहिलेल्या स्वप्नाचे. त्यात महापौराचा खून होतो. मुलाच्या स्वप्नावरून पॅरिसपर्यंतची उजवी वृत्तपत्रे उठली, शाळेबाहेर जमाव जमला आणि १९३३ साली फ्रेनेला ती शाळा सोडावी लागली. १९३५ मध्ये त्याने व्हाँसजवळ स्वतःची शाळा काढली. राग खरोखर कशाचा होता, हे संडासांचा पत्रव्यवहार पाहिला की उमगते.

खेड्यातल्या शाळेच्या भिंतीवर 'तांदूळ किती यावा, किती आला' हे मुलांच्या अक्षरात लागले, की येथेही कोणाला तरी राग येणार. सरपंचाला येईल, कदाचित केंद्रप्रमुखाला येईल; आणि लिहिणारी मुले खालच्या वस्तीतली असतील तर आणखी कोणाकोणाला येईल. बदलीचा कागद मुलावर निघत नाही, शिक्षकावर निघतो. मुले तर शिक्षकाच्या भरवशावर लिहिणार. तो भरवसा द्यायचा की नाही, हे ठरवताना शिक्षक आजूबाजूला पाहतो आणि तेथे कोणी उभे दिसत नाही. कार्यकर्त्यांचे काम येथून सुरू होते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, त्यांतही निम्म्या समितीवर स्त्रिया हव्यात. किती कार्यकर्ते आपल्या गावातील समितीच्या बैठकीला गेले आहेत? मुलांचा भिंतीवरचा मजकूर त्या बैठकीत मोठ्याने वाचला जावा, त्यातले चुकले असेल ते दुरुस्त करावे, बरोबर असेल त्याची नोंद कार्यवृत्तात घ्यावी, एवढा आग्रह पालक सदस्यांनी धरला तर शिक्षक एकटा राहत नाही. दोन तालुक्यांतील दोन शाळांची गाठ घालून देणे हेही संघटनेला सहज जमणारे काम आहे. कोकणातली एक शाळा, ऊसतोड मजुरांच्या गावातली एक. महिन्याला एक पाकीट इकडून, एक तिकडून. टपालखर्च शाखेने सोसावा.

आणि कार्यकर्त्यांनी आपलेही दप्तर एकदा उघडून पाहावे. शाखांकडून येणारे अहवाल काढा: 'प्रचंड जनसमुदाय उसळला', 'उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला', 'वातावरण दणाणून गेले'. किती माणसे आली, कोणत्या वाड्यांतून आली, त्यांत बाया किती, मागणीपत्र कोणी स्वीकारले, त्याने काय उत्तर दिले, पुढची तारीख कोणती, याचा पत्ता नसतो. तीच झुळझुळ नदी आहे ही. फक्त घोषणांच्या काठाने वाहते. येत्या महिन्यापासून अहवालाच्या कागदावर 'पाहिले, विचारले, वाटले' हे तीन रकाने आखून पाठवावेत आणि तिसऱ्या रकान्याला कमीत कमी जागा ठेवावी.